हॉकआयची लांब रायफल: तीन प्रतिकृतींचे परीक्षण

मायकल मान यांच्या ‘द लास्ट ऑफ द मोहिकन्स’ (१९९२) या चित्रपटात नायक हॉकआयची भूमिका करणाऱ्या डॅनिएल डे-लुईस यांच्या हाती दिसणारी लांब रायफल ही चित्रपटांत पाहिलेल्या ठासणीच्या बंदुकांपैकी मला सर्वांत विश्वसनीय वाटत आली आहे. न्यूयॉर्क राज्यात छोट्या ऐतिहासिक लघुपटांसाठी साहित्य जमवण्याचे काम मी करतो, आणि १७५७ च्या काळातील सरहद्द दाखवायची म्हटली की दिग्दर्शक हटकून ‘हॉकआयसारखी बंदूक’ मागतो. त्यामुळे या रायफलीच्या धर्तीवर बनवलेल्या तीन प्रकारच्या प्रतिकृती माझ्या हाताखालून गेल्या आहेत: भिंतीवर टांगण्याची शोभेची, हाणामारीच्या दृश्यांसाठीची रबरी आणि प्रत्यक्ष बार काढणारी. या तिन्हींचे परीक्षण मी मूळ चित्रपटातील बंदुकीशी ताडून करणार आहे, कारण गिऱ्हाईक पैसे मोजते ते त्या पडद्यावरच्या परिणामासाठीच.

चित्रपटाची कथा इंग्रज आणि फ्रेंच यांच्या उत्तर अमेरिकेतील युद्धात घडते. ऑगस्ट १७५७ मध्ये मॉन्कामच्या फ्रेंच सैन्याने लेक जॉर्जच्या काठावरील फोर्ट विल्यम हेन्रीला वेढा घातला, तो या कथेचा कणा आहे. चित्रीकरण मात्र नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगराळ भागात झाले आणि किल्ल्याचा देखावा तिथल्या लेक जेम्सच्या काठी उभारला गेला. साहित्याच्या बाबतीत या चित्रपटाने कारागिरांवर विश्वास टाकला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. सुऱ्या आणि टॉमाहॉक (हातकुऱ्हाडी) डॅनिएल विंकलर या लोहारकाम करणाऱ्या कारागिराने घडवले होते, आणि डे-लुईस यांनी धावताधावता ठासणीची बंदूक भरण्याचा सराव केला होता. हा शेवटचा तपशील जाहिरातीसाठी सांगितला जात असेल असे ज्यांना वाटते त्यांनी पाच फुटांहून लांब बंदूक एकदा हातात घेऊन पाहावी. दस्ता जमिनीवर टेकवला की नळीचे तोंड हनुवटीच्या आसपास येते. दारू ओतायची, चिंधीत गुंडाळलेली गोळी तोंडावर ठेवायची, गज उपसून ती तळापर्यंत ठासायची, गज परत खोबणीत सारायचा आणि मग कळीवरच्या, म्हणजे बार पेटवणाऱ्या यंत्रणेवरच्या, वाटीत रंजक (ठिणगीने पेटणारी थोडी दारू) घालायचे, हे सगळे उभ्या माणसाला सरावाने अर्धा ते एक मिनिट खाणारे काम आहे. पळताना दस्ता टेकवायला जमीनच मिळत नाही. पडद्यावर हॉकआयच्या खांद्यांत आणि मनगटांत जो ताण दिसतो तो अभिनयाइतकाच बंदुकीच्या लांबीने आणि वजनाने आणलेला आहे.

याच कारणासाठी प्रॉप बंदुकीची पारख करताना मी नक्षीकडे सर्वांत शेवटी पाहतो. बंदूक नटाच्या शरीराला योग्य रीतीने वागायला भाग पाडते का, हा माझा पहिला प्रश्न असतो, आणि दुसरा प्रश्न तिच्या कळीविषयी असतो.

शोभेची प्रतिकृती पहिल्याच प्रश्नावर नापास होते. मी मागवलेली बंदूक एका परदेशी कंपनीची होती आणि छायाचित्रांत ती फार देखणी दिसत होती. हातात घेतल्यावर तोल पुढे जाण्याऐवजी मागे पडला, कारण नळी पातळ पत्र्याची आणि कळ जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव होती. पेनसिल्व्हेनियातील लँकेस्टरच्या आसपास जर्मन भाषक कारागिरांनी आपल्या मायदेशातल्या आखूड, जाड शिकारी रायफलीतून ही लांब रायफल घडवत नेली, तेव्हा त्यांनी मेपलचे पट्टेदार लाकूड निवडले. त्यावर लोह मुरवलेले नत्राम्ल फासून आणि ते आचेवर धरून लाकडाचे आतले पट्टे तांबूस-काळसर उमटवले जात. शोभेच्या प्रतिकृतीत हेच पट्टे ब्रशने रंगवलेले असतात. खऱ्या मेपलचे पट्टे दस्ता फिरवला की उजेडाबरोबर सरकतात, जिथे आत्ता गडद होते तिथे क्षणात फिकट होते. रंगवलेले पट्टे जागचे हलत नाहीत. जवळच्या चित्रीकरणात, विशेषतः शेकोटीच्या उजेडात, हा फरक प्रेक्षकाला नेमका सांगता आला नाही तरी जाणवतो. त्यात या प्रतिकृतीचा घोडा ओढला की पितळी खेळण्यासारखा लुळा आवाज येतो. वीस पावलांवर उभ्या असलेल्या गर्दीच्या हातात द्यायला, किंवा दिवाणखान्यात टांगायला ती ठीक आहे. नायकाच्या हातात ती मी देणार नाही.

रबरी प्रतिकृतीबद्दल माझे मत बरेच चांगले आहे, आणि तिची जी सर्रास हेटाळणी होते ती मला अन्यायाची वाटते. आतमध्ये धातूची कांब घालून वर कठीण रबर ओतलेली ही बंदूक पडणे, लोळणे, पाण्यात उडी मारणे आणि अंगावर आदळणे यांसाठीच असते. चांगल्या साच्यातून काढलेल्या बंदुकीवर लाकडाचे रंध्र, खिळ्यांची डोकी आणि कळीवरचे स्क्रू नीट उमटलेले असतात. खटकते ते एवढेच की बहुतेक रबरी प्रती खऱ्या बंदुकीच्या निम्म्या वजनाच्या असतात आणि ती उचलणारा नट नकळत मनगटाने उचलतो. खऱ्या चार किलोंच्या बंदुकीला कोपर आणि कंबर लागते. मी ज्यांच्याकडून भाड्याने घेतो त्यांना नळीच्या पोकळीत वजन भरून द्यायला सांगतो, आणि मग ती बंदूक कडेने धावणाऱ्या दृश्यात बिनतक्रार खपून जाते. ज्यांना हॉकआयचा मोहिकन मानलेला बाप चिंगाचगूक याचा शेवटचा लढा आठवत असेल त्यांना हेही आठवेल की त्याच्या हातातली गदा बंदुकीच्या दस्त्याच्या आकाराची लाकडी होती. तशा हत्याराची रबरी प्रत तर हवीच, कारण त्याचा घाव जवळून आणि पूर्ण ताकदीने दाखवावा लागतो.

आता बार काढणाऱ्या प्रतिकृतीकडे येतो, कारण माझ्या मते पैसा खर्च करावा तो इथेच. मी वापरलेली रायफल अमेरिकेत एका छोट्या कार्यशाळेत तयार झाली. चांगली बंदूक हजार डॉलरच्या पुष्कळ वर जाते आणि पूर्णपणे हाताने घडवलेली त्याच्या अनेकपट. या किमतीत तुम्हाला मिळते ते मुख्यतः कळीतल्या पोलादाचे काम. गारगोटीचा तुकडा चामड्याच्या घडीत घोड्याच्या जबड्यात आवळून बसवतात. चाप ओढला की घोडा पुढे झेपावतो, गारगोटी समोरच्या उभ्या पोलादी झाकणाला घासत जाते, झाकण पुढे उलटते आणि त्याखाली उघड्या पडलेल्या वाटीतल्या रंजकावर ठिणग्या पडतात. रंजकाचा भडका नळीच्या कानातून, म्हणजे तिच्या बाजूच्या बारीक छिद्रातून, आत जातो आणि मग मुख्य दारू पेटते. झाकणाचे पोलाद हव्या तेवढे कडक नसेल तर ठिणग्या क्षीण पडतात, घोड्याची कमान नरम असेल तर गारगोटी मध्येच अडकते, आणि कान वाटीच्या फार खाली पाडला असेल तर वाटीत भडका होऊनही नळी मुकीच राहते. माझ्या हातातल्या रायफलीने कोरड्या दिवशी सलग बार दिले; धुक्याच्या सकाळी मात्र रंजक ओलावले आणि वाटी पुसून पुन्हा पुन्हा भरावी लागली. हा दोष मी कार्यशाळेच्या नावावर मांडत नाही, कारण १७५७ च्या शिकाऱ्यालाही तो चुकला नव्हता.

या बंदुकीचा आवाज हाच तिचा खरा अभिनय आहे. आधी गारगोटीची चट, मग वाटीतल्या भडक्याची फुस आणि लगोलग नळीचा गडगडाट. चांगल्या कळीत हे तिन्ही इतके जवळ येतात की कान त्यांना एकच समजतो, तरी नेम धरलेल्या माणसाला तो अवधी कळतो आणि त्याने डोके हलवू नये म्हणून तो श्वास रोखतो. डे-लुईस हरणाचा वेध घेतानाच्या पहिल्या दृश्यात आणि पुढे मेजर हेवर्डच्या प्रसंगात हेच रोखून धरणे दिसते. या चित्रपटाला मिळालेले एकमेव ऑस्कर ध्वनिमुद्रणाचे आहे, हे मला योग्य वाटते.

पलटणींच्या हातातल्या बंदुकांबद्दल माझी नापसंती मात्र नोंदवली पाहिजे, आणि ती या एकाच चित्रपटाबद्दल नाही. अशा चित्रपटांना आणि युद्धप्रसंग उभे करणाऱ्या हौशी मंडळींना सहज मिळणारी ब्राउन बेस या इंग्रज पायदळाच्या ठासणीच्या बंदुकीची प्रतिकृती ही १७६० च्या दशकाच्या शेवटी आलेल्या आखूड नमुन्यावरून बनते, तिची नळी ४२ इंचांची असते. १७५७ च्या इंग्रज पायदळाची बंदूक ४६ इंची नळीची होती. चार इंच ऐकायला किरकोळ वाटतात, पण संगीन चढवलेल्या रांगेची उंचीच त्यामुळे बदलते. याच घराण्यातली ३९ इंची नळीची ‘इंडिया पॅटर्न’ बंदूक ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणींकडे होती आणि १८०३ च्या असईच्या लढाईत मराठ्यांच्या तोफांसमोर ती आली. म्हणून या घराण्याचे नमुने नीट ओळखता येणे आपल्याकडच्या ऐतिहासिक मालिकांनाही उपयोगाचे आहे. उत्तर अमेरिकेत स्वस्तात विकल्या जाणाऱ्या अनेक प्रतिकृती मुळात भारतातच बनतात आणि नळीला कान न पाडता पाठवल्या जातात. लाकूड आणि आकार यांत त्या बऱ्याच जमलेल्या असतात. कळीच्या बाबतीत मात्र नग पारखून घ्यावा, आणि कान घरी पाडण्याच्या फंदात कोणी पडू नये. नळीचे पोलाद आणि तिची सांध्याची मजबुती तपासल्याशिवाय ते काम जिवावर बेतू शकते.

सुरक्षिततेचा विषय मी मुद्दाम सविस्तर घेतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये ‘रस्ट’ या चित्रपटाच्या सेटवर खरी गोळी सुटून छायाचित्रणकार हलिना हचिन्स यांचा मृत्यू झाला, तेव्हापासून काडतुसाच्या बंदुकांवर सगळ्यांची नजर आहे, पण ठासणीची बंदूक आपोआप निर्धोक आहे असा समज पसरू नये. गोळी न घालता नुसत्या दारूचा बार काढतानाही कानातून उजव्या बाजूला ज्वाळ निघते, म्हणून रांगेत उभ्या असलेल्या शेजाऱ्यासाठी वाटीभोवती आडोशाची पट्टी लावणे मी अनिवार्य मानतो. नुसत्या दारूच्या बाराला गज वापरायचाच नाही, कारण घाईत नळीतच राहिलेला गज बाणासारखा सुटतो. आमच्याकडे दृश्यापूर्वी गज काढूनच घेतात आणि खोबणीत लाकडाचा आखूड तुकडा बसवतात, त्यामुळे दिसायला बंदूक पूर्ण राहते. बार न उडाल्यास नळी समोर रोखूनच थांबायचे, आणि त्यात नवी दारू कदापि ओतायची नाही. दिवस संपल्यावर नळी आणि कळ त्याच संध्याकाळी गरम पाण्याने धुऊन, कोरडी करून, तेल लावून ठेवावी लागते. काळ्या दारूचा मळ रात्रभर राहिला तर नळी गंजू लागते. भाड्याने देणाऱ्यांपैकी जो हे काम स्वतःच्या माणसाकडून करून घेतो आणि सेटवर आपला जाणकार पाठवतो, त्याचे जादा दर मी कधी नाकारलेले नाहीत.

एखाद्या छोट्या निर्मात्याने मला विचारले तर मी सांगेन की नायकासाठी एकच बार काढणारी चांगली रायफल घ्यावी, तीच जवळच्या चित्रीकरणात वापरावी, तिच्याच साच्यावरून दोन-तीन वजनदार रबरी प्रती करून घ्याव्यात आणि शोभेच्या बंदुका दूरच्या गर्दीपुरत्या ठेवाव्यात. नटाला ती खरी रायफल चित्रीकरणाच्या आधीच हाती द्यावी आणि कोऱ्या सरावात भरण्याची सगळी क्रिया दारूविना करवून घ्यावी, म्हणजे कॅमेऱ्यासमोर त्याचा हात गज शोधत चाचपडणार नाही. भारतात चित्रीकरण करणाऱ्यांनी मात्र ऑर्डर देण्यापूर्वी परवान्याचा प्रश्न सोडवून घ्यावा, कारण तिथे ठासणीच्या बंदुकीलाही शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो. बंदूक सीमाशुल्क खात्यात अडकून पडली तर चित्रीकरणाचे दिवस वाया जातात, आणि तोपर्यंत भाड्याचा मीटर चालूच राहतो.