शंभर जीबीची एकच फाइल: टार, सीपीआयओ, पॅक्स की आणखी काही?

व्हर्च्युअल मशीनची डिस्क, डेटाबेसचा डम्प (सगळा डेटा एका फाइलीत उतरवलेला) किंवा कच्चं व्हिडिओ फुटेज युनिक्सवर बॅकअपला टाकायचं म्हटलं, की वेग आणि कॉम्प्रेशन यांवर वाद रंगतो. मी आधी हेडर बघतो, म्हणजे आर्काइव्हमध्ये (अनेक फाइलींच्या एका गठ्ठा-फाइलीत) प्रत्येक फाइलच्या आधी येणारी तिच्या माहितीची नोंद. फाइलचा आकार नोंदवायला फॉरमॅटने किती जागा ठेवली आहे, हे कळलं की निम्मा निर्णय तिथेच होतो.

असे गठ्ठे बांधणारा युनिक्सचा जुना प्रोग्राम म्हणजे टार; सीपीआयओ आणि पॅक्सही त्याच कामाचे. टारपासून सुरुवात करू. १९८८ साली पॉसिक्स या युनिक्स प्रणालींच्या मानकात ठरलेल्या यूस्टार फॉरमॅटमध्ये आकाराचा रकाना १२ बाइटचा आहे. शेवटचा बाइट खूण म्हणून जातो, उरतात ११ अंक, तेही अष्टमान (० ते ७) पद्धतीचे. एका अंकात ३ बिट, म्हणजे ३३ बिट. त्यात मावणारा सर्वांत मोठा आकार ८५८९९३४५९१ बाइट, म्हणजे ८ जीबीला एक बाइट कमी. तेव्हा ही सोय ऐसपैस वाटली असणार. आज एखादा बरा डम्प ती सहज ओलांडतो.

यावर दोन तोडगे निघाले. ग्नू टारने (लिनक्सवरचा नेहमीचा टार) त्याच रकान्यात अष्टमान अंकांऐवजी थेट बायनरी आकडा लिहायला सुरुवात केली. पॉसिक्सने २००१ साली पॅक्स फॉरमॅट आणला. त्यात मूळ हेडरच्या आधी एक जादा हेडर येतो आणि आकार साध्या दशमान आकड्यात, हवा तितका लांब लिहिता येतो. घोळ असा की दोन्हींचं नाव बाहेरून 'टार'च. ग्नू टार, काही वेगळं सांगितलं नाही तर, आजही सहसा आपला ग्नू फॉरमॅट लिहितो. बीएसडी युनिक्सवरचा बीएसडीटार जास्त शहाणा वाटतो: जिथे भागतं तिथे यूस्टार, आणि गरज पडेल त्या फाइलपुरता पॅक्स हेडर. सोलॅरिस या युनिक्सचा मूळ टार मोठी फाइल दिसली की नकार देतो आणि कॅपिटल 'ई' हा पर्याय लावायला सांगतो. ग्नू टारला मुद्दाम यूस्टार लिहायला लावलं तर आकडा मर्यादेबाहेर असल्याची तक्रार करून तो ती फाइल गाळतो, बाकीचं काम पुरं करतो आणि शेवटी एक्झिट कोड (काम कसं झालं ते सांगणारा आकडा, शून्य म्हणजे सुरळीत) २ देतो. क्रॉनमधल्या, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या, स्क्रिप्टने तो कोड तपासला नाही, तर रोज बॅकअप 'होत' राहतो, फक्त सर्वांत महत्त्वाची फाइल त्यात नसते.

सीपीआयओची गोष्ट याहून अडचणीची. फाइली शोधणाऱ्या फाइंड आज्ञेच्या यादीवरून नेमक्या फाइली उचलायला तो सुरेख, म्हणून जुन्या मंडळींचा त्याच्यावर जीव. पण त्याच्या 'न्यूसी' प्रकारात आकाराला ८ षोडशमान अंक (एका अंकात ४ बिट), म्हणजे ४ जीबीला एक बाइट कमी. जुन्या 'ओडीसी' प्रकारात ११ अष्टमान अंक, म्हणजे पुन्हा तेच ८ जीबी. गंमत म्हणजे नवा प्रकार या बाबतीत जुन्यापेक्षा तोकडा. २००५ मध्ये तर असं उघड झालं, की ६४ बिट मशीनवर सीपीआयओ २.६ ला आठपेक्षा जास्त अंकांत मावणारा आकार दिला, की तो बफरच्या (राखून ठेवलेल्या मेमरीच्या) बाहेर लिहितो आणि कोसळतो. लिनक्स सुरू होताना लागणाऱ्या इनिटरॅमएफएस या फाइल-संचासाठी न्यूसी लागतोच, तिथे तो खुशाल वापरावा. मोठ्या फाइलींच्या बॅकअपसाठी मी त्याचा विचारही करणार नाही.

पॅक्स नावाची आज्ञाही आहे, टार आणि सीपीआयओच्या भांडणात मध्यस्थी करायला आलेली. तिच्याकडून पॅक्स फॉरमॅटच लिहून घ्या. फॉरमॅट न सांगता चालवली तर काही ठिकाणी ती यूस्टार लिहिते आणि तुम्ही पुन्हा ८ जीबीपाशी येता.

झिप फार थोडक्यात: मूळ मर्यादा ४ जीबी आणि ६५५३५ नोंदी. झिप६४ ने ती उठवली, पण इन्फो-झिपमध्ये ती सोय झिप ३.० आणि अनझिप ६.० पासून. शिवाय युनिक्सच्या मालकी-परवानग्या नीट जपायच्या असतील तर टारच बरा.

रेस्टिक आणि बोर्ग हे बॅकअप प्रोग्राम वेगळ्याच जातीचे. ते फाइलचे तुकडे पाडतात आणि आधी साठवलेला तुकडा पुन्हा लिहीत नाहीत. रेस्टिकचा तुकडा ५१२ केबी ते ८ एमबीच्या दरम्यान असतो. शंभर जीबीच्या डिस्कमध्ये रोज थोडाच भाग बदलत असेल, तर टार दररोज शंभर जीबी लिहील आणि हे दोघे बदललेले तुकडे तेवढे. रोजच्या बॅकअपसाठी माझी पसंती यांनाच. मात्र परत काढायलाही तेच सॉफ्टवेअर लागतं. दहा वर्षांनी अनोळखी मशीनवर उघडायचं असेल, तर पॅक्स फॉरमॅटमधला टार.

फॉरमॅट निवडला तरी वाटेत इतर अडथळे असतात. जुन्या ३२ बिट प्रोग्रामला २ जीबीच्या पुढे जाता येत नाही. फॅट३२ डिस्कवर ४ जीबीची फाइलही मावत नाही. तिथे आर्काइव्ह स्प्लिट आज्ञेने तोडून न्यावं आणि कॅट आज्ञेने जोडावं. युलिमिट या शेलच्या आज्ञेने फाइलच्या आकारावर बंधन घातलं असेल, तर दोष टारच्या माथी मारण्याआधी ते बघा. जीझिप हा कॉम्प्रेशनचा प्रोग्राम मोठी फाइल नीट दाबतो, पण मूळ आकार ३२ बिटांतच नोंदवतो. म्हणून १.१२ च्या आधीच्या आवृत्तीत यादी मागितली, की ४ जीबीच्या पुढच्या फाइलीचा आकार हास्यास्पद दिसतो. आर्काइव्ह बिघडलेलं नसतं. टारचं आउटपुट पाइपमधून थेट जीझिपकडे दिलं असेल, तर शेवटचा एक्झिट कोड जीझिपचा मिळतो आणि टारचं अपयश झाकलं जातं. बॅश शेलमध्ये पाइपफेल (पाइपमधल्या कोणाचंही अपयश कळवणारा पर्याय) चालू केल्याशिवाय असली स्क्रिप्ट लिहूच नये.

मोठी फाइल वाचायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात ती बदलते. वाचताना फाइल बदलल्याचा इशारा देऊन ग्नू टार एक्झिट कोड १ देतो. वाचता वाचता ती आखडली, तर उरलेली जागा शून्यांनी भरतो. चालू डेटाबेसची फाइल अशी उचलली तर ती परत येईल, पण उघडेल याचा भरवसा नाही. आधी स्नॅपशॉट (त्या क्षणाची गोठवलेली प्रत) किंवा डेटाबेसचा स्वतःचा डम्प घ्यावा.

डिस्कच्या इमेज बहुधा पोकळ असतात: दिसायला शंभर जीबी, भरलेल्या वीस. ग्नू टारला 'एस' कॅपिटल पर्याय दिला नाही, तर तो सगळी शून्यं आर्काइव्हमध्ये लिहितो आणि परत काढताना पूर्ण शंभर जीबी जागा मागतो. पर्याय दिला तर जागा वाचते, पण पॅक्स फॉरमॅटमध्ये पोकळीची नोंद ग्नूच्या खास पद्धतीने होते. ती न समजणाऱ्या टारने तेच आर्काइव्ह उघडलं, की 'ग्नूस्पार्सफाइल' अशा नावाच्या फोल्डरमध्ये आक्रसलेली फाइल हाती येते. ती पूर्ववत करायला ग्नूचंच एक्सस्पार्स नावाचं छोटं साधन चालवावं लागतं. परत काढणारं मशीन कोणाचं असेल हे ठाऊक नसेल, तर तो पर्याय लावू नका. शून्यं जीझिपलाच दाबू द्या.