न्यूझीलंडला लहान मुलांसह: कॅम्परव्हॅन, की गाडी आणि मोटेल?

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर यायचं नक्की झालं, की पुण्या-नाशिकच्या नातेवाइकांचा पुढचा प्रश्न हमखास येतो: कॅम्परव्हॅन (आत पलंग आणि स्वयंपाकघर असलेली व्हॅन) घेऊ, की साधी गाडी घेऊन मोटेलात राहू? सोबत तीन-चार वर्षांचं एक, सहा-सात वर्षांचं एक, आणि बऱ्याचदा आजी-आजोबाही. आम्ही ख्राइस्टचर्चला राहतो आणि दोन्ही प्रकारांनी फिरतो, त्यामुळे उत्तर देणं आमच्याकडेच येतं. मी उलट दोन प्रश्न विचारते. कोणत्या महिन्यात येताय? आणि मुलं रात्री कशी झोपतात?

व्हिडिओत दिसतो तो दिवस. टेकापोचं निळं तळं, उघडं दार, हातात चहाचा कप. तसा दिवस मोटेलात राहूनही छानच जातो, तळं काही कुठे पळून जात नाही. खरा फरक पडतो तो संध्याकाळी सहापासून मुलं झोपेपर्यंत, आणि पर्याय त्याच वेळेवर तोलून बघावेत असं माझं मत आहे.

मुळात पर्याय दोन नाहीत, तीन आहेत. पहिला कॅम्परव्हॅन. दुसरा गाडी आणि मोटेल. इथल्या बहुतेक मोटेलांत खोलीतच छोटं स्वयंपाकघर असतं, दारासमोर गाडी लागते. तिसऱ्याकडे भारतातून येणाऱ्यांचं सहसा लक्षच जात नाही: गाडी आणि हॉलिडे पार्कमधली केबिन. हॉलिडे पार्क म्हणजे जिथे कॅम्परव्हॅन विजेला जोडून रात्रभर लावतात ते ठिकाण. तिथेच लाकडी केबिन असतात, सामायिक मोठं स्वयंपाकघर असतं, कपडे धुवायची-वाळवायची यंत्रं, झोपाळे, आणि मोठ्या पार्कांत हवेने फुगवलेली भलीमोठी उशी, जिच्यावर मुलं तासन्‌तास उड्या मारतात. मुलांना कॅम्परव्हॅनचं म्हणून जे आवडतं त्यातलं निम्मं खरं तर या पार्कचं असतं.

संध्याकाळ

चार जणांच्या कॅम्परमध्ये जेवायचं टेबल हाच रात्रीचा पलंग. म्हणजे आधी सगळ्यांची जेवणं उरकायची, भांडी विसळायची, मग टेबल खाली पाडायचं, त्यावर गाद्यांचे तुकडे बरोबर क्रमाने बसवायचे, चादर घालायची. या वेळात मुलांनी उभं कुठे राहायचं? बाहेर, किंवा ड्रायव्हरच्या सीटवर. दिवसभर पलंगावर पडलेल्या बॅगा आता पुढच्या सीटवर जातात आणि सकाळी परत मागे. रोज. धाकटं झोपलं की दिवा बंद, आणि दिवा बंद म्हणजे सगळ्यांचाच बंद. पावसाची रात्र असेल तर आई-बाबा अंधारात मोबाइल बघत बसतात.

त्यात भारतातून येणाऱ्यांची एक खास अडचण. इथल्या उन्हाळ्यात, म्हणजे सप्टेंबरअखेरपासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत, इथलं घड्याळ भारताच्या साडेसात तास पुढे असतं. इथे रात्रीचे नऊ म्हणजे मुलांच्या शरीरात दुपारचा दीड. शिवाय डिसेंबरात क्वीन्सटाउनला सूर्यच मावळतो साडेनऊच्या सुमारास. पहिले तीन-चार दिवस मुलं अकरापर्यंत टक्क जागी राहणार हे धरूनच चाला. मोटेलच्या एका बेडरूमवाल्या युनिटमध्ये हे निभतं: एक मोठा माणूस मुलांबरोबर आत, दुसरा बाहेर. कॅम्परमध्ये 'बाहेर' म्हणजे खरोखर बाहेर, आणि शेजारच्या व्हॅनमधलं जोडपं झोपलेलं. म्हणून कॅम्परच घ्यायचा असला तरी उतरल्यावर पहिल्या एक-दोन रात्री ख्राइस्टचर्चलाच खोलीत काढा. रात्रभरच्या प्रवासानंतर सहा-सात मीटर लांबीचं वाहन अनोळखी रस्त्यावर चालवायला घेणं तसंही शहाणपणाचं नाही.

कॅम्परची जमेची बाजूही संध्याकाळचीच आहे. एकदा मुलांना त्या घराची सवय झाली की मुक्काम बदलला तरी पलंग तोच राहतो. नवी खोली, नवी उशी, नवं बाथरूम यावरून रडणारं मूल असेल तर ही फार मोठी गोष्ट आहे. मोटेलात दर एक-दोन दिवसांनी सकाळी दहाच्या आत सगळं आवरून बॅगा गाडीत कोंबाव्या लागतात. कॅम्परमध्ये कपडे एकदा कपाटात लागले की शेवटच्या दिवसापर्यंत बॅग उघडायला नको. आणि रस्त्यात 'शू लागली' म्हटल्यावर पुढच्या गावापर्यंत धीर धर असं सांगावं लागत नाही.

अर्थात त्या शूचं पुढे काय होतं हेही समजून घ्या. टॉयलेटखाली कॅसेट म्हणून एक टाकी असते. ती व्हॅनच्या बाहेरच्या छोट्या दारातून ओढून काढायची, डम्प स्टेशनला, म्हणजे मैला टाकायच्या ठरलेल्या जागी न्यायची, तोंड खाली करून रिकामी करायची, पाणी घालून खळबळून पुन्हा ओतायची, वासावरचं रसायन टाकायचं आणि परत सरकवायची. दोन मुलं असली तर हे काम फार दिवस पुढे ढकलता येत नाही. ते कोण करणार, हे घरूनच ठरवून निघा.

मुलांच्या सीट

या एका मुद्द्यावर पर्याय बाद होऊ शकतो, म्हणून किमती बघण्याआधी हे बघा. न्यूझीलंडमध्ये सात वर्षांखालच्या मुलाला मान्यताप्राप्त चाइल्ड सीटमध्ये बसवणं कायद्याने सक्तीचं आहे. मांडीवर घेणं, 'दहा मिनिटांचाच तर रस्ता आहे', असलं काही चालत नाही. साध्या गाडीत प्रश्न नसतो, मागच्या दोन बाजूंना दोन सीट बसतात. कॅम्परमध्ये मागच्या सीटना कधी फक्त कमरेचा पट्टा असतो, कधी चाइल्ड सीटचा वरचा पट्टा अडकवायला कडी नसते, काही सीट आडव्या तोंडाच्या असतात आणि त्यांवर चाइल्ड सीट लावता येत नाही. 'सहा जण झोपू शकतात' याचा अर्थ दोन चाइल्ड सीट लागतात असा होत नाही. बुकिंग करताना मुलांची वयं आणि वजनं कळवून, त्याच मॉडेलमध्ये दोन्ही सीट बसतील असं लेखी उत्तर घ्या. उत्तर गुळमुळीत आलं तर तो कॅम्पर सोडून द्या.

गाडीत मागे बसलेल्या मुलाला पाण्याची बाटली हात मागे करून देता येते. मोठ्या कॅम्परमध्ये मुलं फार मागे असतात आणि आतली भांडी खडखडत असल्यामुळे त्यांचा आवाजही नीट येत नाही. एका मोठ्या माणसाने मागे बसायचं, म्हणजे पुढच्या काचेतून दिसणारा देखावा एकट्या ड्रायव्हरच्या वाट्याला.

स्वयंपाक

आपल्याकडचे लोक कॅम्परकडे ओढले जातात ते बहुतेक या कारणाने, आणि ते बरोबरच आहे. आठ वाजता भूक लागली, गावातलं एकमेव रेस्टॉरंट बंद झालेलं, तेव्हा दहा मिनिटांत वरण-भात लागतो. पण दोन गोष्टी माहीत असाव्यात. मायक्रोवेव्ह सहसा व्हॅन विजेला जोडली असेल तेव्हाच चालतो, फ्रीज आणि गॅस एरवीही चालतात. आणि फोडणी. चार चमचे तेलात मोहरी-हिंग तडतडले की धुराचा अलार्म बोंबलायला लागतो, धाकटं दचकून जागं होतं आणि तो वास दोन रात्री उशांना येतो. फोडणीचं काम पार्कच्या सामायिक स्वयंपाकघरात करा, व्हॅनमध्ये खिचडी, उकडलेले बटाटे, दूध, अंडी एवढंच.

पण मोटेल आणि केबिनमध्येही हे सगळं होतं, हे विसरू नका. लहान कुकर बॅगेत घालून आणला की झालं. स्वयंपाकघरासाठी म्हणून कॅम्पर घेऊ नका. भर दुपारी, कुठल्याही तळ्याच्या काठी गरम जेवण हवं असेल तर मात्र घ्या, कारण ते फक्त कॅम्परमध्येच मिळतं. (घरून खायचं आणाल ते विमानतळावर फॉर्ममध्ये लिहा. मध आणि ताजी फळं आणूच नका. न सांगता काही सापडलं तर ४०० डॉलर दंड जागच्या जागी होतो.)

ऋतू

मेच्या सुटीत येत असाल तर माझं मत सरळ आहे: कॅम्पर नको. तो इथला शरद ऋतूचा शेवट. झाडांचे रंग सुरेख असतात, पण साडेपाच-सहाच्या सुमारास अंधार पडतो आणि टेकापो, माउंट कुककडे रात्री पारा शून्याखाली जातो. अंधार लवकर म्हणजे त्या छोट्या जागेत कोंडून बसायचे तास जास्त. हिटर असतो, मोठ्या कॅम्परमध्ये चांगला असतो, पण पहाटे खिडक्यांच्या आतून पाणी गळतं आणि खिडकीकडेला झोपलेल्या मुलाचं पांघरूण दमट होतं. मे-जूनमध्ये कॅम्परचं भाडं बरंच उतरतं. ते उगीच उतरत नाही.

दिवाळीची सुटी इथला वसंत: बेभरवशाची हवा, पाऊस, पण दिवस मोठे. चालेल. डिसेंबर-जानेवारी कॅम्परसाठी सगळ्यात मजेचा आणि सगळ्यात महाग काळ, कारण इथल्या शाळांनाही तेव्हाच सुट्ट्या. कमीत कमी इतके दिवस घ्यायलाच हवा अशी अट तेव्हा बऱ्याचदा असते. फेब्रुवारी-मार्च सर्वोत्तम, शाळेतून सुटी काढता आली तर.

पैसे

'राहणं आणि गाडी एकातच, म्हणून स्वस्त' हे गणित इथे क्वचित जुळतं. कॅम्परच्या दिवसाच्या भाड्यावर विमा चढतो (तो घेतला नाही तर काही हजार डॉलर अनामत कार्डावर अडकतात). त्यावर डिझेल: मोठा कॅम्पर १०० किलोमीटरला १२ ते १५ लिटर सहज पितो, साधी गाडी साधारण त्याच्या निम्मं. डिझेल वाहनांना किलोमीटरवर वेगळा रस्ता-कर असतो, त्याचं बिल व्हॅन परत करताना हातात पडतं. आणि रोज रात्रीच्या जागेचं भाडं.

'जागा तर फुकट मिळते ना?' हा प्रश्न येतोच. सगळीकडे नाही. २०२३ च्या कायद्याने नियम कडक झाले. व्हॅनमध्ये पक्कं बसवलेलं टॉयलेट आणि तसं प्रमाणपत्र असेल तरच नगरपालिकांच्या बहुतेक फुकट जागांवर राहता येतं, नाहीतर दंड ४०० डॉलरपासून सुरू. क्वीन्सटाउनसारख्या ठिकाणी तर अशा जागा नावालाच. मधला मार्ग म्हणजे सरकारच्या संवर्धन खात्याची साधी, स्वस्त मुक्कामाची ठिकाणं. माउंट कुकच्या पायथ्याचं व्हाइट हॉर्स हिल हे त्यातलं देखणं, पण तिथे वीज नाही. लहान मुलांसह एखादी रात्र तिथे, बाकीच्या वीज असलेल्या पार्कात, असं धरा. उन्हाळ्यात हे सगळं मिळून बहुधा केबिनपेक्षा महाग आणि चांगल्या मोटेलच्या आसपास जातं. बचत म्हणून नव्हे, हौस म्हणून घ्यायची गोष्ट आहे ही.

रस्ता

गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात, साधं कार लायसन्स पुरतं. तरी गूगल दाखवतं त्या वेळेत कॅम्परसाठी वीस टक्के तरी मिळवा. साडेतीन टनांवरच्या वाहनांना ताशी ९० किलोमीटरची मर्यादा आहे, आणि घाटात तेवढाही वेग नसतो. ख्राइस्टचर्च ते टेकापो साधारण सव्वादोनशे किलोमीटर. मुलांसह एका दिवसाला एवढं पुरे. वानाकाहून क्वीन्सटाउनला गाडी क्राउन रेंजच्या घाटातून, हजार मीटरवरून जाते. मोठा कॅम्पर घेऊन मी तिथे जाणार नाही, क्रॉमवेलवरून फिरून येईन. ते आनौ ते मिलफर्ड हा १२० किलोमीटरचा वळणांचा रस्ता मुलांना हमखास उलटी करायला लावतो, वाहन कोणतंही असो. तिथे निदान स्वतः चालवू नका, बसने जा.

मग कोणी काय घ्यावं

मूल दोन वर्षांच्या आतलं असेल, किंवा मेमध्ये येत असाल, तर गाडी आणि मोटेल. रांगणाऱ्या मुलाला कॅम्परमध्ये खाली सोडायला जागाच नसते.

आजी-आजोबा बरोबर असतील तर सहा जणांचा कॅम्पर घेऊन सगळे एकत्र, हा बेत कागदावरच छान दिसतो. ड्रायव्हरच्या डोक्यावरचा पलंग शिडीने चढायचा, तिथे आजोबा जाणार नाहीत. मुलांना ठेवलं तर जाळी लावावी लागते. मग आजी-आजोबा टेबलाच्या पलंगावर, आणि तो पलंग मोडल्याशिवाय सकाळचा चहा नाही. रात्री टॉयलेटला उठणाऱ्या माणसाला सगळ्यांच्या अंगावरून जावं लागतं, तर बरीच माणसं संकोचून पाणी पिणंच कमी करतात. मी आजीला हे करायला लावणार नाही. दोन शेजारशेजारच्या केबिन घ्या, अंगण एकच असतं.

मुलं चार ते नऊ वर्षांची, कुठेही झोपणारी, आई-बाबा दोघेही गाडी चालवणारे आणि पसाऱ्याने न वैतागणारे, महिना नोव्हेंबर ते मार्च: कॅम्पर जरूर घ्या. चार जणांसाठी सहा जणांचा घ्या, म्हणजे एक पलंग कायमचा अंथरलेला राहतो आणि वर लिहिलेली संध्याकाळची निम्मी कटकट जाते.

आणि मन ठरत नसेल तर सहलीचे दोन भाग करा. ख्राइस्टचर्चहून चार-पाच रात्री कॅम्पर: टेकापो, माउंट कुक, परत ख्राइस्टचर्च. तो तिथेच परत करून गाडी घ्या आणि पुढचा क्वीन्सटाउन-ते आनौचा भाग मोटेल नाहीतर केबिनमध्ये राहून करा. डिसेंबरात येणार असाल तर आधी हॉलिडे पार्कच्या जागा मिळतात का ते बघा. वाहन मिळतं आणि ते लावायला जागा नाही, असं त्या दिवसांत होतं.