सोन्याचे नॅनोकण: सायट्रेट घ्यायचं की सीटॅब?

एमएस्सीच्या प्रकल्पात सोन्याचे नॅनोकण करायचे ठरले की हा प्रश्न येतोच. माझं मत आधीच सांगतो: गोल कणांवर काम भागणार असेल, तर सीटॅबच्या (सेटिलट्रायमिथिलअमोनियम ब्रोमाइड, एक सर्फॅक्टंट म्हणजे साबणासारखा रेणू) वाटेला जाऊ नका.

सायट्रेट (सायट्रिक आम्लाचा क्षार) काटेकोरपणे सर्फॅक्टंट नाही. त्याला पाण्यापासून पळणारी लांब शेपटी नसते. पण १९५१ची टर्केविच पद्धत इतकी सोपी आहे की तुलना तिच्याशीच होते. उकळत्या क्लोरोऑरिक आम्लात सोडियम सायट्रेट घाला, थोड्या वेळात द्रावण माणकासारखं लाल. कण साधारण १५-२० नॅनोमीटरचे, प्रकाशाचं शोषण ५२० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास. सायट्रेट क्षपणही करतं (सोन्याच्या आयनांना इलेक्ट्रॉन देऊन त्यांचं धातूत रूपांतर) आणि ऋण भारामुळे कणांना एकमेकांपासून दूरही ठेवतं. प्रमाण कमी केलं की कण मोठे होतात, पण मग ते तितके एकसारखे राहत नाहीत. सायट्रेटची कणांवरची पकड सैल असते. म्हणून थायॉल (सोन्याला घट्ट चिकटणारा गंधकयुक्त गट) लावलेला डीएनए सहज जोडता येतो, आणि म्हणूनच थोडं मीठ पडलं तरी कण गोळा होऊन रंग निळसर होतो.

नॅनोरॉड, म्हणजे दांड्यासारखे कण, हवे असतील तर मात्र सीटॅबला पर्याय शोधत बसू नका. आधी बर्फगार बोरोहायड्राइडने बारीक बीजं करायची, मग ती वाढीच्या द्रावणात सोडायची. तिथे ॲस्कॉर्बिक आम्ल सोन्याचं क्षपण अर्ध्यावरच थांबवतं; उरलेलं बीजांच्या पृष्ठभागावर होतं. सीटॅबचा दुहेरी थर दांड्याच्या बाजू झाकतो, टोकं वाढत राहतात. सिल्व्हर नायट्रेट किंचित कमी-जास्त करून लांबी-रुंदीचं गुणोत्तर बदलता येतं. निकूबख्त आणि एल-सय्यद यांची २००३ची कृती याच तत्त्वावर आहे.

आता त्रास. सुमारे २५ अंशांखाली सीटॅबचे पांढरे स्फटिक बसतात. एसी लॅबमध्ये किंवा पुण्यातल्या डिसेंबरच्या सकाळी हे हमखास होतं, तेव्हा बाथ २७ ते ३० अंशांवर ठेवा. जोरात हलवलंत तर फेसच फेस. त्याहून छळणारी गोष्ट म्हणजे आयोडाइडची अशुद्धता: कंपनी बदलली की तीच कृती दांड्यांऐवजी गोळे देऊ शकते. बाटलीचा लॉट क्रमांक वहीत लिहाच.

चांदीचे घनाकृती कण हवेत? मग दोन्ही सोडा. एथिलीन ग्लायकॉलमध्ये पीव्हीपी (पॉलिव्हिनाइल पायरोलिडोन हा पॉलिमर) वापरा. वनस्पतींचा अर्क हाही एक मार्ग आहे: पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या गटाने २००४मध्ये गवती चहाच्या अर्कातून सोन्याचे त्रिकोणी कण केले होते. गंमत वाटते, पण अर्काची घटकसूची दर वेळी तीच असेल याची हमी नाही. पहिल्या प्रकल्पाला मी ती वाट सुचवणार नाही.

कण पेशींवर टाकायचे असतील, तर सीटॅब विषारी ठरतं. धुवून काढावं, तर जास्त धुतल्यावर दांडे एकमेकांना चिकटतात. सेंट्रिफ्यूज एक-दोनदाच करा, मग थायॉल लावलेलं पीईजी (पॉलिएथिलीन ग्लायकॉल हा पॉलिमर) चढवा. या कामाला लागणारे दिवस वेळापत्रकात बसत नसतील, तर सायट्रेटच घ्या.