मेडिकल कॉलेजचं महिन्याचं बुलेटिन : डॉक्टर नसलेल्यांनी वाचावं का?

ज्या युनिव्हर्सिटी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलमध्ये आमच्या घरातल्यांची ट्रीटमेंट चालू आहे, त्या कॉलेजचं दर महिन्याला एक बुलेटिन निघतं. ओपीडीच्या काउंटरवर छापील गठ्ठा ठेवलेला असतो, आणि नाव नोंदवलं की पीडीएफ मेलवर पण येते. मी डॉक्टर नाही, नर्स नाही, माझा संबंध फक्त पेशंटची नातेवाईक म्हणून, पण नंबर येईपर्यंत बसून बसून वाचायची सवय लागली आणि आता नियमित वाचतेय. बऱ्याच जणांनी विचारलं की त्यात आपल्यासारख्यांना काय मिळतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. कॉलेजचं नाव मुद्दाम देत नाहीये, कारण अशी बुलेटिनं बहुतेक सगळीच मोठी मेडिकल स्कूल्स काढतात आणि साचा थोड्याफार फरकाने तोच असतो.

आधी मत सांगून टाकते. माणसांच्या बातम्या अप्रतिम, रिसर्चच्या बातम्या जपून वाचाव्या लागतात, आणि कार्यक्रमांच्या पानावर कोणीतरी नीट बसून काम करायची गरज आहे. पाचपैकी साडेतीन स्टार.

पहिलं पान कायम रिसर्चचं. मध्ये एका अंकात मोठ्या अक्षरात हेडिंग होतं की स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी नवा आशेचा किरण. माझ्या शेजारी बसलेल्या काकूंनी ते वाचलं, माझ्याकडून पेन मागून घेतलं आणि डिपार्टमेंटचं नाव केसपेपरच्या मागे लिहून घेतलं, काकांना इथे दाखवायला आणता येईल म्हणून. मी तोपर्यंत पुढे वाचत होते आणि चौथ्या परिच्छेदात आलं की हा प्रयोग उंदरांवर झालाय. मी त्यांना ते दाखवलं, त्यांनी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला तरीही. मला त्या हेडिंगचा खरंच राग आला. अल्झायमर या स्मृतिभ्रंशाच्या आजाराच्या बाबतीत उंदरांमध्ये चांगली चाललेली कितीतरी औषधं माणसांच्या ट्रायलमध्ये फेल गेलीयत, हे कॉलेजमधल्या लोकांना आपल्यापेक्षा जास्त माहिती असतं, मग ते वाक्य हेडिंगच्या खाली पहिल्याच ओळीत यायला काय हरकत आहे?

आणि हा फक्त एका कॉलेजचा प्रॉब्लेम नाहीये. ब्रिटनमधल्या कार्डिफ युनिव्हर्सिटीच्या टीमने २०१४ मध्ये बीएमजे या जर्नलमध्ये एक अभ्यास छापला होता. त्यांनी २० मोठ्या विद्यापीठांच्या आरोग्याविषयीच्या ४६२ प्रेस रिलीज, म्हणजे बातमीसाठी पाठवलेली पत्रकं, घेतल्या आणि मूळ संशोधनाशी ताडून बघितल्या. ४० टक्के रिलीजमध्ये लोकांना दिलेला सल्ला मूळ संशोधनापेक्षा वाढवून दिलेला होता, ३३ टक्क्यांमध्ये नुसता संबंध दिसला असताना अमुकमुळे तमुक होतं असं लिहिलेलं, आणि ३६ टक्क्यांमध्ये प्राण्यांवरच्या कामातून माणसांबद्दल जास्तीचे निष्कर्ष काढलेले. म्हणजे आपण पेपरवाल्यांना नावं ठेवतो पण फुगवाफुगवी बऱ्याचदा विद्यापीठाच्याच ऑफिसात सुरू होते. त्याच अभ्यासात हेही निघालं की फुगवल्यामुळे बातमी जास्त ठिकाणी छापली गेली असा काही ठोस पुरावा नाही. मग फुगवायचं कशासाठी? २०१९ मध्ये जेम्स हेदर्स नावाच्या संशोधकाने तर ट्विटरवर एक खातंच काढलं, तिथे अशा बातम्या शेअर करून वर फक्त 'उंदरांमध्ये' एवढंच लिहायचे, आणि ते खातं बघता बघता खूप फेमस झालं.

आकड्यांचंही तसंच. धोका ५० टक्क्यांनी कमी झाला असं ठळक छापतात, पण हजारातल्या दोघांना होणारं आता हजारातल्या एकाला होतंय की हजारातल्या दोनशे जणांचं शंभरावर आलंय, हे सांगतच नाहीत. दोन्हीकडे ५० टक्केच होतात, पण घरी बसून औषध घ्यायचं की नाही ठरवणाऱ्याला जमीन अस्मानाचा फरक पडतो.

यावर उपाय अवघड नाहीये. ब्रिटनमध्ये अकॅडमी ऑफ मेडिकल सायन्सेसने २०१८ मध्ये प्रेस रिलीजवर साधं लेबल लावायची पद्धत आणली, म्हणजे इतर तज्ज्ञांनी तपासलंय का, अभ्यास कुठल्या प्रकारचा आहे, आणि कोणावर झाला, माणसांवर, प्राण्यांवर की पेशींवर. तीन ओळी. आमच्या बुलेटिनमध्ये एकदा डायबेटिसवरच्या बातमीला असा चौकोन दिला होता, किती पेशंट, किती महिने, तुलना कशाशी, पैसा कोणी दिला, सगळं. आतापर्यंत वाचलेल्यातली सगळ्यात चांगली रिसर्च बातमी तीच. पुढच्या अंकात तो चौकोन गायब! का काढला कोण जाणे.

व्हॉलंटिअर हवेत हा जो कॉलम असतो तो मात्र बघाच, विशेषतः घरात एखादा जुनाट आजार असेल तर. कुठल्या आजारावर ट्रायल आहे, कोणत्या फेजची आहे, कोणाला घेणार कोणाला नाही, एथिक्स कमिटीची परवानगी, रजिस्ट्रेशन नंबर, आणि कधीही मधूनच बाहेर पडता येईल आणि त्याने तुमच्या नेहमीच्या ट्रीटमेंटवर परिणाम होणार नाही, हे सगळं साध्या भाषेत दिलेलं असतं. रजिस्ट्रेशन नंबर असणं फार महत्त्वाचं आहे. २००५ पासून मोठ्या मेडिकल जर्नल्सच्या संपादकांनी नियमच केलाय की पेशंट घ्यायच्या आधी ट्रायल रजिस्टर केलेली नसेल तर तिचा शोधनिबंध छापणार नाही, कारण नाहीतर वाईट निकाल आलेल्या ट्रायल गुपचूप दाबल्या जायच्या. पहिल्या फेजमध्ये थोड्याच लोकांवर मुख्यतः डोस आणि सुरक्षितता बघतात, बरं होण्याची आशा धरून तिथे जाऊ नये, हे पण त्यांनी स्पष्ट लिहिलं होतं आणि त्यासाठी मी त्यांना पूर्ण मार्क देते.

पण मग त्या ट्रायलचं पुढे काय झालं? हे कुठल्याच अंकात येत नाही. लोकांनी रक्त दिलं, फेऱ्या मारल्या, रजा काढल्या, त्यांना निकाल कळायला नको? जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्येच म्हटलंय की ट्रायल पूर्ण झाल्यापासून १२ महिन्यांत मुख्य निकाल रजिस्ट्रीवर, म्हणजे ट्रायल जिथे रजिस्टर केली त्या यादीत, टाका. निकाल काहीच फरक पडला नाही असा असला तरी तो छापा, बुलेटिनमध्ये अर्धा कॉलम पुरेल.

आता ज्यासाठी मी हे बुलेटिन सांभाळून ठेवते त्याबद्दल. वर्षातून एकदा देहदात्यांच्या कृतज्ञता कार्यक्रमाचा अंक येतो. फर्स्ट इयरची मुलं वर्षभर अ‍ॅनाटॉमीच्या डिसेक्शन हॉलमध्ये ज्या देहांवर शिकतात, त्यांच्या घरच्यांना बोलावून मुलंच हा कार्यक्रम करतात. अनेक देशांतल्या मेडिकल कॉलेजांमध्ये अशी पद्धत आता रुजलीय. त्या अंकात दात्यांची नावं नसतात, फोटो नसतात, फक्त मुलांनी लिहिलेली पानं असतात. एका मुलीने लिहिलं होतं की त्यांच्या टेबलवरच्या आजींच्या गुडघ्यात धातूचा सांधा निघाला, कोणालाच आधी माहिती नव्हतं, पुस्तकात दाखवलेला गुडघा शोधत होतो आणि समोर वेगळाच गुडघा. मग ऑर्थोपेडिक्सच्या सरांना खाली बोलावलं, त्यांनी तो सांधा कसा बसवतात, हाडाला कसा पकडतो, किती वाकतो हे त्याच टेबलशी उभं राहून दाखवलं आणि बाकीच्या टेबलांवरची मुलंही गोळा झाली. तिने पुढे लिहिलंय की आजींनी ऑपरेशननंतर चालायला शिकताना किती त्रास काढला असेल याचा विचार तेव्हा पहिल्यांदा डोक्यात आला, आणि त्या दिवसानंतर आम्ही टेबल नंबर म्हणणं बंद केलं, आजीच म्हणायला लागलो. हे वाचल्यावर मी आणि माझ्या नणंदेने देहदानाचा फॉर्म कसा भरायचा याची चौकशी केली. त्याच अंकात ती माहिती पण होती, नातेवाईकांची संमती का लागते, कुठल्या परिस्थितीत कॉलेज देह घेऊ शकत नाही, सगळं एकाच पानावर. इतकं नेमकं आणि इतकं हळुवार लिहिलेलं मी दुसरीकडे कुठे वाचलेलं नाही.

त्याच हॉलमधल्या एका अटेंडंटच्या रिटायरमेंटवर पण सुंदर लेख आला होता. त्यांनी सांगितलं होतं की पूर्वी हॉलमध्ये शिरलं की देह टिकवायला वापरतात त्या फॉर्मॅलिनने डोळ्यांतून पाणी यायचं आणि ते कामाचाच भाग म्हणून सगळे सहन करायचे. फॉर्मॅलिनमधल्या फॉर्माल्डिहाइडने माणसांना कॅन्सर होऊ शकतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २००४ मध्ये पक्कं केलं, आणि आता नवीन टेबलं आलीयत ज्यातून हवा खाली ओढली जाते, म्हणजे वाफ तोंडाकडे यायच्या आधीच निघून जाते. डीनच्या हस्ते नव्या हॉलचं उद्घाटन अशी बातमी इतर कोणीही दिली असती. यांनी ज्या माणसाने आयुष्यभर तो वास घेतला त्याला विचारलं, ही खरी बातमीदारी.

व्हाइट कोट सेरेमनीचे, म्हणजे नव्या विद्यार्थ्यांना पांढरा कोट देतात त्या कार्यक्रमाचे, फोटो असतात तेही ठीक. ही आजच्या स्वरूपातली पद्धत न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात १९९३ मध्ये डॉक्टर अर्नोल्ड गोल्ड यांच्या पुढाकाराने सुरू झाली आणि मग बऱ्याच देशांत पसरली. मला आवडलं ते म्हणजे फोटोंच्या बाजूला त्यांनी मुलांनी घेतलेली जिनिव्हा घोषणेची, म्हणजे जागतिक वैद्यकीय संघटनेने डॉक्टरांसाठी केलेली, शपथ अख्खी छापली. १९४८ ची शपथ, पण २०१७ मध्ये त्यात भर पडली की मी स्वतःच्या आरोग्याकडेही लक्ष देईन, म्हणजे पेशंटची उत्तम काळजी घेता येईल. पेशंटच्या घरच्यांनी ते एक वाक्य तरी वाचावं असं मला मनापासून वाटतं, कारण सलग ड्युटी करून आलेल्या रेसिडेंटवर, म्हणजे पुढचं शिक्षण घेत काम करणाऱ्या डॉक्टरवर, आपण किती सहज आवाज चढवतो.

इथेच बुलेटिनबद्दलची माझी मोठी तक्रार येते. गॅदरिंग, स्पोर्ट्स, मेडल्स यांची पानंच्या पानं, पण विद्यार्थ्यांच्या मानसिक त्रासावर जेमतेम काहीतरी. २०१६ मध्ये जामा या जर्नलमध्ये जगभरातल्या अभ्यासांची गोळाबेरीज आली होती, त्यात जवळपास २७ टक्के मेडिकल विद्यार्थ्यांमध्ये डिप्रेशन किंवा त्याची लक्षणं आढळली आणि तशी लक्षणं असणाऱ्यांपैकी उपचार घेणारे जेमतेम १६ टक्के. एवढा मोठा प्रश्न आणि आमच्या बुलेटिनमध्ये समुपदेशन केंद्राचा नंबर शेवटच्या पानावर, प्रिंटरच्या नावाच्या वर, एवढ्या बारीक अक्षरात की मला चष्मा लावूनही नीट दिसेना. तो पहिल्या पानावर घ्या, दर अंकात. ज्या मुलाला गरज आहे तो शोधत बसणार नाही.

कार्यक्रमांच्या पानाबद्दल आता. ग्रँड राउंड्स, गेस्ट लेक्चर, पब्लिक लेक्चर, रक्तदान शिबिर, सगळं एकाच यादीत, आणि बाहेरच्या माणसाला यातलं कुठे जाता येतं ते लिहिलेलंच नसतं. ग्रँड राउंड्स म्हणजे डॉक्टर मंडळी एखाद्या अवघड केसवर चर्चा करतात ते, ते त्यांच्यापुरतंच असणं मी समजू शकते, पण मग तसं लिहा ना. ठिकाण म्हणून नुसतं एलटी टू (म्हणजे लेक्चर थिएटर टू) लिहितात, आतल्या लोकांना बरोबर कळतं, आपण तीन बिल्डिंगा फिरतो. वर बऱ्याचदा अंक हातात पडेपर्यंत पहिल्या आठवड्यातले कार्यक्रम होऊन गेलेले असतात.

हे जास्त लागतं कारण त्यांची सर्वसामान्यांसाठीची लेक्चर सिरीज खूपच चांगली आहे. मिनी मेडिकल स्कूल ही कल्पना मुळात अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठातली, जॉन कोहेन या इम्युनॉलॉजीच्या (रोगप्रतिकारशक्तीच्या शास्त्राच्या) प्राध्यापकांनी सुरू केलेली, की मेडिकलला जे शिकवतात त्यातलं मूलभूत कोणालाही समजेल असं, परीक्षा न घेता, संध्याकाळी शिकवायचं. आमच्या कॉलेजच्या सिरीजमध्ये किडनीवरचं लेक्चर ऐकलं, मॅडमनी क्रिएटिनिनचा (स्नायूंतून रक्तात येणारा आणि किडनी बाहेर टाकते तो घटक) रिपोर्ट कसा वाचायचा, स्नायू कमी असलेल्या म्हाताऱ्या माणसात तो नॉर्मल दिसूनही किडनी कमजोर असू शकते, हे इतकं सोपं करून सांगितलं की घरी येऊन मी आमच्या सासूबाईंचे जुने रिपोर्ट काढून बसले आणि पुढच्या व्हिजिटला डॉक्टरांना नेमका प्रश्न विचारता आला. हॉल अर्धा रिकामा होता. बाहेर ओपीडीत डायबेटिसच्या पेशंटची रांग आणि आत हे लेक्चर, आणि रांगेतल्या कोणालाही त्याचा पत्ता नाही.

तर घ्या हे बुलेटिन, फुकट आहे. छापील अंक घ्या, पीडीएफ मोबाइलवर दोन कॉलममध्ये उघडते आणि सतत सरकवावं लागतं. रिसर्चची बातमी असेल तर हेडिंग सोडून द्या, कोणावर आणि किती जणांवर ते आधी शोधा, आणि त्यावरून औषध बदलायचा विचार आला तर आधी आपल्या डॉक्टरांशी बोला. मी संपादक मंडळाला तो चौकोन परत सुरू करा आणि कार्यक्रमांपुढे 'सर्वांसाठी खुला' असं छापा म्हणून लिहून पाठवलंय, समुपदेशन केंद्राच्या नंबरचंही लिहिलंय. तुम्हीही तुमच्या इथल्या बुलेटिनला असं काही सुचवलं असेल आणि त्यांनी बदल केला असेल तर नक्की कळवा.