एएच्या मीटिंगा: आठवी, नववी, दहावी पायरी कितपत कामाची?

दारू सुटली तरी चिडचिड सुटत नाही, हे घरच्यांना पहिल्याच महिन्यात कळतं. झोप नाही, पोरांचा आवाज सहन होत नाही, आणि वर 'मी सोडलीये ना, आता जरा सांभाळून घ्या!' अल्कोहोलिक्स अनॉनिमसमध्ये (एए, म्हणजे दारू सोडणाऱ्यांचा एकमेकांना आधार देणारा गट; सुरुवात १९३५, अमेरिकेत, भारतात १९५७) ही सबब चालत नाही. दारूतून सावरण्यासाठी एएने आखलेल्या बारा पायऱ्यांतला सगळ्यात दमदार भाग तोच.

आठवीत ज्यांना दुखावलं त्यांची यादी करायची. वहीत तीन रकाने पुरतात: कोण, मी नेमकं काय केलं, त्यांचं काय गेलं. 'बायकोला त्रास दिला' ही नोंद चांगला स्पॉन्सर (पायऱ्यांत सोबत करणारा जुना सभासद) परत लिहायला लावतो. 'मुलीच्या फीचे पैसे उचलले, विचारलं तर तिच्यादेखत शिव्या घातल्या' इतकं स्पष्ट हवं. 'आधी त्यानेच मला…' हे मध्ये घुसतंच. खोडायचं.

खरी गडबड नववीत. प्रत्यक्ष भरपाई करा, मात्र त्याने कुणाला इजा होणार असेल तर नको, ही अट पायरीतच आहे. नवखे नेमकी तीच विसरतात. दुसऱ्या आठवड्यात रडत फोन लावतात, जुनं प्रकरण बायकोसमोर ओकतात. स्वतः मोकळे, झोप तिची उडाली. म्हणून आधी स्पॉन्सरशी बोलणं. माफी दोन-चार वाक्यांत, 'पण' न घालता. उधारी असेल तर पहिला हप्ता खिशात घेऊनच जावं. समोरच्याने दार लावलं तर लावू द्यावं. माफ करायला तो बांधील नाही.

दहावी रोजची: दिवसाचा हिशोब, चुकलं तर लगेच कबुली. भूक, राग, एकटेपणा, थकवा यांतलं काय होतं तेही टिपावं. कारण कळतं, सूट मिळत नाही.

उणिवा आहेतच. स्पॉन्सर हा अनुभवी सभासद, समुपदेशक नव्हे. चिडचिडीमागे नैराश्य असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जायलाच हवं. रोज भरपूर पिणाऱ्याने डॉक्टरांशिवाय एकदम बंद करू नये. पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. शिवाय ग्रुपागणिक फरक पडतो, एक नाही रुचला तर दुसरा बघावा.

फी नाही, वर्गणी ऐच्छिक. घरच्यांना सोबत न्यायचं असेल तर मीटिंग 'ओपन', म्हणजे बाहेरच्यांनाही खुली, आहे का ते आधी विचारा. घरच्यांसाठी अल-अनॉनच्या मीटिंगा वेगळ्या भरतात. पिणाऱ्याला सुधारायचं काम तिथे कुणी त्यांच्या गळ्यात घालत नाही.