डॉबरमन की रॉटवायलर: दोन्ही जाती घरी सांभाळल्यानंतरचा अभिप्राय

नाशिकबाहेर आमचे स्वतंत्र घर आहे. पुढे अंगण, भोवती कुंपण आणि मागे द्राक्षबाग. गेल्या पंधरा वर्षांत या घरात आधी राणी ही डॉबरमनची मादी होती आणि आता भीमा हा रॉटवायलर नर आहे. पुतण्याला यंदा पिल्लू घ्यायचे असून या दोन जातींत त्याचे मन अडकले आहे. त्याला सांगितले तेच येथे सविस्तर लिहितो.

डॉबरमन ही जात जर्मनीतील अपोल्डा येथे करवसुली करणाऱ्या कार्ल फ्रीडरिश लुइस डोबरमान यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्वतःच्या संरक्षणासाठी घडवली. माणसाच्या सोबत राहून त्याची राखण करणे हा गुण तिच्यात इतका मुरलेला आहे की राणी स्वयंपाकघरापासून देवघराच्या उंबरठ्यापर्यंत आईच्या मागे मागे असे, आणि तिला अंगणात एकटीला बांधून ठेवले की ती अन्न सोडत असे. तिला रोज तासभर पळवावे लागे, पण शिकवलेले ती दोनतीन वेळांत आत्मसात करी.

रॉटवायलरचे मूळ रॉटवाइल या जर्मन गावातले, आणि तेथे तो खाटकांची गुरे हाकत असे. गुराला अंगाने रेटून वळवण्याची ती सवय भीमामध्ये आजही दिसते. तो प्रेमाने पायाला टेकून उभा राहतो तेव्हा धडधाकट माणसालाही भिंतीचा आधार घ्यावा लागतो. स्वभावाने तो शांत आणि घरच्यांवर जीव लावणारा आहे. उगाच भुंकत नाही, त्यामुळे तो भुंकला की आम्ही उठून पाहतोच. निव्वळ राखणीचा विचार केला तर मी त्यालाच अधिक गुण देईन.

मात्र निर्णय येथे होत नाही. डॉबरमनच्या मादीचे वजन साधारण ३२ ते ३५ किलो असते, तर रॉटवायलर नराचे ५० किलोच्या आसपास. भीमा दोन वर्षांचा असताना आई त्याला फाटकापर्यंत नेत होती. समोरून मांजर गेले, त्याने झेप घेतली आणि पट्टा हाताला गुंडाळलेला असल्यामुळे आई फरशीवर पडून तिचे मनगट मोडले. त्यात भीमाचा दुष्टपणा मुळीच नव्हता. तो लगेच परत येऊन तिच्याशेजारी बसला होता. चूक आमची होती, कारण कुत्रा निवडताना आम्ही माझ्या ताकदीचा विचार केला, आईच्या नव्हे. तेव्हापासून त्याचा पट्टा फक्त मी आणि माझा भाऊ धरतो, आणि आम्ही दोघेही गावाला गेलो तर त्याचे फिरणे बंद राहते.

आरोग्याच्या बाबतीत मात्र डॉबरमनने आम्हाला फार मोठे दुःख दिले. राणी सात वर्षांची असताना एका सकाळी अंगणात धावता धावता कोसळली आणि गेली. हृदयाचे स्नायू कमकुवत होऊन हृदय फुगण्याचा आजार या जातीत मोठ्या प्रमाणावर आढळतो आणि तो बाहेरून दिसत नाही, हे पशुवैद्यांनी आम्हाला नंतर समजावले. पिल्लू देणाऱ्याने ‘आईवडील ठणठणीत आहेत’ असे तोंडी सांगितले होते, आणि आम्ही कागद मागितला नव्हता. ही गोष्ट मला अजून बोचते. इकोकार्डिओग्राम (हृदयाची सोनोग्राफी) आणि होल्टर तपासणी (चोवीस तास हृदयाच्या ठोक्यांची नोंद) वेळोवेळी केली तर आजार लवकर लक्षात येऊ शकतो. रॉटवायलरचे दुखणे सांध्यांचे. खुब्याचा दोष आणि हाडांचा कर्करोग या जातीत अधिक दिसतो. भीमा आठव्या वर्षी जिना चढताना थांबतो.

भीमाच्या वरच्या केसांखालील दाट लोकरीमुळे एप्रिल-मे महिन्यांत सूर्य वर येण्याआधीच फिरणे उरकावे लागते. राणीची केसांची एकेरी झूल उन्हाळ्यात सोयीची होती, पण थंडीत तिला अंगावर गोधडी लागे. गोचीड, लेप्टोस्पायरोसिसची लस, रेबीजची लस यांची काळजी दोघांनाही सारखीच.

मार्च २०२४ मध्ये केंद्राने हिंस्र मानल्या गेलेल्या २३ जातींच्या विक्री व प्रजननावर बंदी घालण्यास राज्यांना सांगितले, त्या यादीत रॉटवायलर होता, डॉबरमन नव्हता. कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिलमध्ये ते परिपत्रक रद्द केले, पण शेजाऱ्यांच्या मनातली भीती तशीच राहिली, आणि मुलांच्या मित्रांना घरी बोलावताना आम्हाला भीमाला आतल्या खोलीत ठेवावे लागते.

पुतण्याच्या घरी सत्तरीची आई आणि नऊ वर्षांची मुलगी आहे, म्हणून मी त्याला डॉबरमनची मादीच सुचवली आहे. पिल्लू पाहायला जाईल तेव्हा पिल्लाच्या आईवडिलांचे हृदयतपासणीचे अहवाल आधी हातात घ्यायचे आणि मगच पिल्लाला उचलायचे, एवढे त्याच्याकडून कबूल करून घेतले आहे.