दोन पोर्टच्या बाहेरच्या पॅनेल अँटेनाचा वापरानंतरचा अनुभव: अँटेना झकास, टोकाचा कनेक्टर डोक्याला ताप

वायफाय राउटरला जोडून घराबाहेर लावलेल्या पॅनेल अँटेनावर पहिला जोरदार पाऊस झाला आणि दोनपैकी एक चेन (राउटरच्या एका अँटेनाची रेडिओ वाट) बसली. राउटरच्या स्टेटस पानावर प्रत्येक चेनचा सिग्नल वेगळा दिसतो. एरवी उणे साठच्या आसपास जोडीनं चालणारे आकडे (शून्यापासून जितके लांब तितका सिग्नल दुबळा) उणे ६१ आणि उणे ८४ असे फाकले होते. दोन चेनमध्ये तीन-चार डीबीचा (डेसिबल, सिग्नल किती कमी-जास्त ते मोजायचं माप) फरक असतोच, वीस डीबीचा नसतो. वायफाय बंद पडलेलं नव्हतं, फक्त वेग निम्म्यावर आला होता, आणि असा बिघाड लवकर लक्षात येत नाही. पाणी पॅनेलमध्ये शिरलं नव्हतं, पॅनेलमागच्या कनेक्टरात शिरलं होतं. या किटबद्दल जी काही तक्रार आहे ती शेवटी कनेक्टरपाशीच येऊन थांबते.

किट नेहमीचंच आहे: २.४ गिगाहर्ट्झचा पॅनेल, आत अधिक-उणे ४५ अंशांत तिरके बसवलेले दोन अँटेना, पाच-पाच मीटरच्या दोन केबल आणि खांबाला बांधायचा क्लॅम्प. बाकी तपशील खोक्यावर आहेत.

सुरुवात चुकीच्या केबलनं झाली. खोक्यातून आल्या एसएमए टोकाच्या (अँटेनाच्या केबलचा आट्यांचा छोटा कनेक्टर), राउटरला लागतात आरपी-एसएमए, म्हणजे त्याचाच उलट्या पिनचा प्रकार. दोन्हींचे आटे तंतोतंत एकच, नट तोच ८ मिलिमीटरचा, आणि कनेक्टर शेवटपर्यंत छान फिरून बसतो. फरक मधोमध असतो. घरगुती राउटरच्या मागच्या वायफाय पोर्टला बाहेरून आटे असतात आणि मध्ये पिन असते. साध्या एसएमए केबलच्या टोकालाही मध्ये पिन असते. म्हणजे पिनवर पिन येते, आणि जोर लावून आवळलं तर दोन्ही पिना चेपतात. उलट प्रकारात भोकासमोर भोक येतं, मोडत काही नाही, पण मधली तार जोडलीच जात नाही. तरीही राउटर जवळच असेल तर थोडा सिग्नल निसटून पोचतो आणि लोक म्हणतात, "अँटेना लावला पण फरक काही पडला नाही." सिमकार्डवर चालणाऱ्या राउटरमध्ये आणखी गंमत: मोबाइल नेटवर्कचे पोर्ट बहुधा साधे एसएमए आणि त्याच डब्याचे वायफायचे पोर्ट आरपी-एसएमए. ऑर्डर देण्याआधी बॅटरी मारून पोर्टच्या मध्यभागी बघा. पिन दिसली तर केबलच्या टोकाला भोक हवं, भोक दिसलं तर पिन.

हे उलटं प्रकरण कुणाच्या लहरीनं आलेलं नाही. अमेरिकेतल्या एफसीसी या दूरसंचार नियामक संस्थेच्या नियमांत, भाग १५ च्या कलम १५.२०३ मध्ये, अशा उपकरणांचा अँटेना कायमचा जोडलेला असावा किंवा त्याचं जोडटोक खास वेगळं असावं अशी अट आहे. लोकांनी वाटेल तो अँटेना लावू नये हा हेतू. उत्पादकांनी एसएमएची पिन उलटी केली आणि अट पाळली. आता ते "खास" टोक सगळीकडे मिळतं, त्यामुळे हेतू गेला आणि गोंधळ तेवढा मागे राहिला.

कस्टमर केअरला फोटोसकट हे कळवलं तर उत्तर आलं, "सर, आटे बसतायत ना? मग कंपॅटिबल आहे." पिन आणि भोक बाणानं दाखवून पुन्हा लिहिल्यावर अडॅप्टर पाठवले. अडॅप्टर म्हणजे आणखी एक जोड, आणखी एक-दोन दशांश डीबी गळती, आणि राउटरच्या नाजूक पोर्टवर आणखी लांब तरफ. केबलच बदलून द्यायला हवी होती.

तरफ म्हणायचं कारण असं. बऱ्याच राउटरमध्ये तो पोर्ट प्लास्टिकच्या भिंतीत एका नटावर धरलेला असतो आणि आतून सव्वा मिलिमीटर जाडीची बारीक तार बोर्डपर्यंत जाते. बाहेरून नट आवळताना पोर्टच फिरायला लागला तर आतली तार पिळली जाते, बाहेरून काही कळत नाही, आणि महिन्याभरात चेन मरते. म्हणून एका पान्यानं पोर्टचा षटकोनी भाग धरायचा, दुसऱ्यानं फक्त केबलचा नट फिरवायचा, केबल स्वतः अजिबात फिरू द्यायची नाही. हातानं घट्ट झाल्यावर पान्यानं जराशी ओढ पुरते. पितळी एसएमएला साधारण अर्धा न्यूटन-मीटर एवढाच जोर सोसतो. आणि १० मिलिमीटर जाडीची एलएमआर-४०० सारखी ताठ केबल राउटरला थेट कधीच लावू नका, तिच्या वजनानं पोर्ट वाकतो. जाड केबल भिंतीला क्लिपनं पकडा आणि तिथून राउटरपर्यंत ३० सेंटिमीटरचं आरजी-३१६ केबलचं मऊ पिगटेल, म्हणजे जोडणीचा आखूड तुकडा, घ्या.

ज्यांच्या राउटरचे अँटेना निघतच नाहीत त्यांना झाकण उघडावं लागतं. स्क्रू बहुधा रबरी पायांखाली किंवा लेबलखाली लपलेले असतात आणि वॉरंटी तिथंच संपते. आत यू.एफएल नावाची चिमुकली टिकली (दाबून बसवायचा कनेक्टर) असेल तर नशीब. ती सरळ वर उचलायची, तिरकी नाही. तिचं आयुष्य जोडा-काढीच्या जेमतेम ३० वेळांचं धरलेलं असतं, म्हणून चाळा म्हणून काढघाल नको. तिच्यासारखीच पण लहान एमएचएफ-४ टिकलीही येते, ती यू.एफएलवर बसत नाही. अँटेनाची तार थेट सोल्डर केलेली असेल आणि सोल्डरिंगचा हात नसेल तर तो राउटर सोडून द्या. मूळ अँटेना जोडलेला ठेवून शेजारी दुसरी तार डकवणं हा उपाय नव्हे. दोन्हींत शक्ती वाटली जाते आणि जुळणी बिघडते.

आता केबल. किटमधली केबल २.८ मिलिमीटर जाडीची, आरजी-१७४ जातीची. २.४ गिगाहर्ट्झला ही केबल मीटरमागे सव्वादोन-अडीच डीबी खाते. पाच मीटरला अकरा-बारा डीबी, म्हणजे राउटरनं दिलेल्या शंभर भागांतले जेमतेम आठ भाग पॅनेलपर्यंत पोचतात. येताना तोच हिशोब उलटा, फोनचा आधीच दुबळा सिग्नल पॅनेलनं गोळा करायचा आणि केबलनं गिळायचा. खोक्यावर ९ डीबीआय (अँटेना सिग्नल एका दिशेला किती एकवटतो त्याचं माप) छापायचं आणि सोबत १२ डीबी खाणारी केबल द्यायची, याला काय म्हणावं?

पाच मिलिमीटर जाडीची एलएमआर-२०० जातीची केबल मीटरमागे ०.५५ डीबी खाते, पाच मीटरला पावणेतीन. निम्म्याहून जास्त शक्ती पोचते. एलएमआर-४०० ला हाच आकडा मीटरमागे ०.२२, पण घरगुती पाच मीटरसाठी तिचा ताठपणा परवडत नाही. घेताना एक फसगत टाळा: आरजी-५८ सुद्धा बाहेरून तेवढीच जाड दिसते आणि मीटरमागे एक डीबी खाते. टोक सोलून बघा. जाळीखाली चकचकीत फॉइलचं पूर्ण वेष्टन असेल तर कमी गळतीची, नुसती विरळ जाळी असेल तर बाहेर काहीही छापलेलं असो, ती आरजी-५८ च. टीव्हीची जुनी केबल पडून आहे म्हणून वापरू नका. ती ७५ ओमची, वायफायचा सगळा कारभार ५० ओमचा, आणि तिला एसएमए टोक नीट बसवणं हा वेगळाच उपद्व्याप. ५ गिगाहर्ट्झला तर प्रत्येक केबलची गळती दीडपटीहून जास्त होते, म्हणून त्या बँडसाठी लांब केबलचा नाद सोडा.

पातळ केबल काढून चांगली लावल्यावर या पॅनेलबद्दलचं मत पार बदललं. आधी वाटत होतं, बाहेर जो काही सिग्नल वाढला तो सगळा भिंत ओलांडल्यामुळे. आणि ते बरंचसं खरंही आहे: सळया भरलेली काँक्रीटची भिंत एकटी १० ते २० डीबी खाऊ शकते, त्यामुळे राउटरसोबतची मूळ अँटेनाची दांडीच चांगल्या केबलवर भिंतीपलीकडे नेली तरी निम्मं काम होतं. पण पॅनेलचा खरा फायदा मागच्या बाजूला आहे. पॅनेल मागचं ऐकत नाही. आसपास त्याच चॅनलवर पाच-सहा राउटर बोंबलत असतील तर पाठीमागचा गोंगाट दबतो, आणि सिग्नलचा आकडा तितकाच राहूनही वेग वाढतो. नुसता उणे-इतका-डीबी बघणाऱ्या अ‍ॅपमध्ये हे दिसत नाही. घरातल्याच एका संगणकावर आयपर्फ हा घरच्या नेटवर्कचा वेग मोजणारा प्रोग्रॅम चालवून वेग मोजला तर दिसतं. इंटरनेटची स्पीड टेस्ट इथं बिनकामाची, ती लाइनचा वेग मोजते.

९ डीबीआयच्या पॅनेलचा झोत साधारण ६०-७० अंशांचा, म्हणजे अंगण किंवा समोरची खोली सहज येते. उभ्या दांडीच्या अँटेनाला ९ डीबीआय मिळतात ते झोत वर-खाली चिरडून, जेमतेम १५ अंशांवर आणून. एका मजल्यावर ठीक, पण खालच्या-वरच्या मजल्याला २ डीबीआयची मूळ दांडीच बरी. छापील डीबीआयवर विश्वास ठेवायच्या आधी पट्टी घ्या. २.४ गिगाहर्ट्झला ९ डीबीआयसाठी किमान १० सेंटिमीटर बाजूचा चौकोन लागतोच, १४ साठी १८, आणि प्रत्यक्षात त्याहून मोठा. तळहाताएवढ्या पॅनेलवर १८ डीबीआय छापलं असेल तर ते छापखान्याचं कर्तृत्व. हा पॅनेल या कसोटीला उतरला, एवढं श्रेय देतो.

दोन्ही पोर्ट जोडा. एकच जोडला तर बाहेर डेटाच्या एकाच प्रवाहाचा वेग मिळतो. आणखी एक गोष्ट विक्रेते सांगत नाहीत: दोन बँडच्या राउटरमध्ये पुष्कळदा त्याच दांडीतून २.४ आणि ५ दोन्ही जातात. तिथं फक्त २.४ चा पॅनेल लावला की ५ गिगाहर्ट्झची त्या पोर्टवर वाट लागते. चार दांड्या असतील तर एकेक काढून स्टेटस पानावर कोणत्या बँडची कोणती चेन पडते ते बघा, कोणता पोर्ट कशाचा ते लगेच कळतं. सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे अडगळीतला जुना एका बँडचा राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट (नुसतं वायफाय पुरवणारा डबा) म्हणून या पॅनेलला देणं.

शक्तीबद्दल: बहुतेक देशांत मर्यादा अँटेनासकटच्या उत्सर्जनावर असते. युरोपात २.४ गिगाहर्ट्झला ती १०० मिलिवॉट, म्हणजे २० डीबीएम (एक मिलिवॉटच्या तुलनेतले डीबी). ९ डीबीआयचा पॅनेल लावला की केबलची गळती वजा करून राउटरची शक्ती तेवढी खाली आणायची. याचं वाईट वाटायचं कारण नाही. अडतं ते सहसा फोनच्या बाजूनं, आणि पॅनेलची ऐकण्याची ताकद शक्ती कमी केल्यानं कमी होत नाही.

पुन्हा पाण्याकडे. कनेक्टरभोवती किटमध्ये काळी रबरी टोपी येते. ती पाणी अडवत नाही, साठवते. आत गेलेलं पाणी जाळीतून वातीसारखं केबलभर चढतं आणि मग कनेक्टर वाळवून काही होत नाही, केबलच जाते. टोपी फेकून द्या. स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप, म्हणजे सेल्फ-अमाल्गमेटिंग टेप घ्या, रुंदी निम्मी होईपर्यंत ताणा आणि खालून वर अर्ध्या-अर्ध्या चढवीत गुंडाळा, म्हणजे वरचा थर खालच्यावर येतो. त्यावर उन्हात टिकणाऱ्या पीव्हीसी टेपचा एक थर. व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन लावू नका, त्यातलं आम्ल पितळ-तांबं खातं. केबल आत शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या म्हणजे पाणी तिथूनच टपकेल. भिंतीतलं भोक बाहेरच्या बाजूला उतरतं पाडा, आरपी-एसएमए टोकाला १० मिलिमीटर पुरतं. गच्चीच्या वर उंच खांबावर लावणार असाल तर लाइटनिंग अरेस्टर (आकाशातली वीज जमिनीकडे वळवणारा जोड) आणि अर्थिंग हवंच. भिंतीला चिकटून, छज्ज्याखाली लावलेलं बरं.

बिघाड कुठे आहे ते शोधायची रीत सोपी. राउटरकडच्या दोन केबल एकमेकींच्या जागी लावा. पडलेला आकडा केबलबरोबर दुसऱ्या चेनवर गेला तर दोष केबलमध्ये किंवा पॅनेलमध्ये, त्याच चेनवर राहिला तर राउटरच्या आत. मग हीच अदलाबदल पॅनेलकडे करा. केबल दोन्हीकडून सुटी करून मल्टिमीटरनं मधली तार आणि जाळी तपासा. दोघांत संपर्क दिसला तर केबल गेली. पण पॅनेलच्या पोर्टवर तसाच शॉर्ट दिसला तर घाबरू नका, अनेक पॅनेल रचनेनंच डीसीला (मल्टिमीटरच्या स्थिर प्रवाहाला) शॉर्ट असतात.

राउटरपासून वीस-तीस मीटर लांब पोचायचं असेल तर हे किट घेऊ नका. इथरनेट केबल १०० मीटरपर्यंत रेडिओची गळती न होता जाते. तिच्या टोकाला पीओईवरचा (त्याच केबलमधून वीज घेणारा) बाहेरचा अ‍ॅक्सेस पॉइंट लावा.

कंपनी वॉरंटीत पॅनेल बदलून द्यायला तयार आहे, जो ठणठणीत आहे. केबल "अ‍ॅक्सेसरी" असल्यामुळे वॉरंटीत येत नाही म्हणे. पॅनेलला साडेचार तारे, केबलला अर्धा, आणि त्या रबरी टोपीला शून्य. अ‍ॅपमध्ये एकच आकडा देता येतो, म्हणून तीन.